नेवेंकाचं पथ्य

दोब्रिलाने झितोचं भांडं पुढे केलं. उकडलेले गहू, दळलेले अक्रोड आणि साखर. संत जॉर्जच्या दिवशी घरात पाऊल टाकणाऱ्याने त्यातलं चमचाभर खायचंच. नेवेंकाने क्रूसाची खूण केली, चमच्याच्या टोकावर दोन-चार दाणे घेतले, ओठांना लावल्यासारखे केले आणि चमचा शेजारच्या पेल्यात सोडला.

"एवढंच?"

"माझं पथ्य माहीत आहे ना, ताई. गहू नाही, साखर नाही."

"अगं, आज आपल्या घराच्या संताचा दिवस!"

"संत समजून घेतील हो."

धाकट्या जावेच्या कमरेकडे बघायचं नाही, असं दोब्रिलाने सकाळीच ठरवलं होतं. तिने आधी कमरेकडेच बघितलं. हिरव्या कपड्यावरचा पट्टा आणखी एक भोक आत गेला होता.

टेबलावर भाजलेलं कोकरू होतं, साईसारखा दाट कायमाक होता, पातीचा कांदा होता. मधोमध दोब्रिलाने पहाटे भाजलेला, पिठाच्या फुलांनी सजवलेला गोल पाव. सगळ्यांनी तो हातांनी धरून फिरवला, मोडला, तुकडे वाटले. यजमानिणीच्या हातचा हा पाव नाकारणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटणं. पण डाएटचं नाव काढलं की हल्ली म्हाताऱ्याही काही बोलत नसत. नेवेंकाने आपला तुकडा कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि कोकराची फासळी उचलली.

"हिला बघा," आत्तेसासू कोसारा म्हणाली. "तीन वर्षं झाली, तशीच्या तशी! आणि दोब्रिला, तूसुद्धा पाव सोडलास ना?"

"सोडलाय की."

"मग तो तुला का सोडत नाही?"

टेबल हसलं. दोब्रिलाही हसली.

ती गावातल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची. गेल्या वसंतात तिची स्वतःचीच साखर वाढलेली निघाली. वजन उतरवा आणि उतरलेलं टिकवा, नाहीतर इंजेक्शनं सुरू करावी लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. दोब्रिलाने पाव, बटाटा, घेवडा सगळं बंद केलं. उन्हाळ्यात वजन भराभर उतरलं. हिवाळ्यात अडकलं. आता ते हळूहळू परत येत होतं.

तिने त्यावरचे शोधनिबंध शोधून वाचले होते. पहिले काही महिने पाव सोडणारे पुढे असतात. वर्ष संपेपर्यंत त्यांची रेघ खाली वाकून इतरांच्या रेघेत मिसळते. काय सोडलं यापेक्षा सोडलेलं किती दिवस सोडून राहता येतं, यावर सगळं ठरतं. त्या आलेखांत नेवेंकाला कुठे बसवायचं ते मात्र तिला कळत नव्हतं.

"ती टपाल वाटत दिवसभर टेकड्या चढते, म्हणून असेल," नवरा मिलोये म्हणायचा.

"चालून काही होत नाही. नुसती भूक वाढते."

नेवेंकाला सगळंच असं अलगद मिळायचं. आधी पोरगी व्हिएन्नाला डॉक्टर झाली, मग नातू झाला. तेव्हाही दोब्रिलाच बाळंतविड्याची पोगाचा, म्हणजे गोल पाव, भाजून तीन मजले चढून गेली होती. हसून हसून तिचे गाल दुखले होते. त्याच वर्षी नेवेंकाने पाव सोडला, आणि मग ही कंबर.

पाहुणे कॉफीवर आले तेव्हा दोब्रिला कोठीत शिरली. फळीवर पावाचं एक टोक उरलं होतं. तिने उभ्या उभ्या ते खाल्लं, तोंड पुसलं आणि केक घेऊन बाहेर आली.

जूनमध्ये तिने स्वतःचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा बघून यंत्र बरोबर चालतंय ना, याचीही खात्री करून घेतली. यंत्र बरोबर होतं.

रविवारी सकाळी ती न कळवता नेवेंकाकडे निघाली. सोपं नव्हतं ते. वाटेत दोनदा थांबली. तुला हे कसं जमतं, भूक लागली की तू काय करतेस, मला शिकव. एवढंच विचारायचं होतं. जिन्यात ताज्या पावाचा वास होता. शेजाऱ्यांकडचा असेल, असं तिला वाटलं.

दार नेवेंकाच्या नवऱ्याने, रादिसावने उघडलं. "वहिनी? तुम्ही?" त्याने मागे वळून बघितलं. पण दोब्रिला तोवर आत पोचली होती.

नेवेंका टेबलाशी बसली होती. समोर गरम पोगाचा, अर्धी मोडलेली. हातातल्या तुकड्यावर कायमाक वितळत होता आणि गाल फुगलेला होता.

दोब्रिलाला बरं वाटलं. इतकं बरं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं. तिने खुर्ची ओढली.

"मोडलंस ना पथ्य! अगं, मोडतंच. कुणाचंच टिकत नाही, मी वाचलंय सगळं. लाजतेस काय?"

नेवेंकाने घास गिळला. "बसा ताई, कॉफी टाकते."

"कॉफी राहू दे. किती दिवसांनी खातेयस ते सांग. मी कोसाराआत्यांना नाही सांगणार."

"रोज खाते."

"रोज?"

"एवढ्या टेकड्या चढायच्या, तर खायला नको?"

रादिसाव सिगारेटचं पाकीट घेऊन बाल्कनीत गेला आणि दार लोटून घेतलं.

"मग माझ्याकडे येऊन ते सगळं… तीन वर्षं?"

नेवेंका बोटांनी टेबलावरचा चुरा गोळा करत राहिली.

"माझी आई सांगायची, जी बाई आपल्यावर जळते तिच्या हातचं पीठ पोटात जाऊ द्यायचं नाही. आणि सणाच्या दिवशी तुम्हाला नाही म्हणायचं तर दुसरं काय कारण देणार होते मी?" तिने वर बघितलं. "पाव मी कधी सोडलाच नाही, ताई. फक्त तुमच्या हातचा सोडला."