सातवं प्रकरण

कॉम्प्युटर क्लासची सकाळची सातची बॅच सुटली. बाकीचे जिना उतरून गेले, गायत्री तेवढी मागे राहिली. तिनं पिशवीतून प्रिंटरच्या कागदाची जाड घडी काढली आणि गजेंद्र सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, तुमच्या नोट्समध्ये आहे तसंच लिहिलंय. सातवं प्रकरण समोर ठेवून." वर्गात ती नेहमी गुजरातीत बोलायची. आज मराठीत बोलली, आणि पुढचं तर थेट घरच्या अहिराणीतच आलं. "मग मन्हं काय चुकनं?"

गायत्री पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला होती. आधी फोल्डिंग खात्यात कापडाच्या ताक्यांच्या घड्या करायची. हापिसात कॉम्प्युटर आला, चालवायला कुणी मिळेना, तेव्हा शेठनं तिला बसवलं. मग तिनं क्लास लावला आणि स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. कोणता माल कोणत्या मशीनवर जाईल, पाणी किती, रंग किती, हे तो सांगायचा. वर्षभर नीट चालला. गेल्या आठवड्यात कारखान्यात नव्या प्रकारचं मशीन आलं. प्रोग्राममध्ये जिथं जिथं मशीनचा उल्लेख होता तिथं तिथं तिनं नव्या मशीनची ओळ घातली. तेवीस ठिकाणी. चोविसावी जागा राहिली. पाण्याचा हिशेब चुकला आणि अकरा ताके गर्द निळ्याऐवजी फिकट निघाले.

"शेठ म्हणतात, मंगळवारपासून पुन्हा रजिस्टर. आणि मी पुन्हा फोल्डिंगला."

गजेंद्रनं कागद उलगडून वाचायला घेतला. 'जेट मशीन असेल तर हे कर, जिगर असेल तर ते कर.' पानापानावर तेच.

"तू एक जागा विसरलीस," तो म्हणाला.

"हो सर. पण पुढच्या मशीनला पुन्हा चोवीस जागा. मी नाही तर दुसरं कुणी विसरेल. असंच असतं का हे?"

गजेंद्रनं नोट्स काढून सातवं प्रकरण उघडलं. नोट्स त्यानंच १९९४ साली लिहिल्या होत्या. सातवं प्रकरण ऑब्जेक्टचं, म्हणजे प्रोग्राममध्ये प्रत्येक वस्तू वेगळी कशी मांडायची त्याचं. वर्तुळ असेल तर असं क्षेत्रफळ, चौकोन असेल तर तसं. दोनच आकार, एकच पान. वर्षानुवर्षं कुणी काही विचारलं नव्हतं, आणि कुणाच्या रोजच्या कामाला लागेल असा प्रोग्राम त्यानं स्वतः कधी लिहिला नव्हता.

"हा कागद माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला.

शनिवारी तो इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत गेला. पुस्तक घरी न्यायला मिळणार नव्हतं. प्रोग्रामच्या डिझाइनवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन तो दिवसभर तिथंच बसला. एक प्रकरण दोनदा वाचलं, दोन्ही वेळा डोक्यावरून गेलं. तिसऱ्यांदा त्यानं पुस्तकातली उदाहरणं सोडली आणि शेजारी गायत्रीचा कागद पसरला. मग कुठं उजेड पडला. तिचा प्रोग्राम, त्याच्या नोट्ससारखाच, प्रत्येक मशीनला 'तू कोण?' असं विचारत होता आणि मशीनच्या वतीनं सगळं आपणच ठरवत होता.

रविवारी क्लास बंद असताना दोघं एका कॉम्प्युटरपुढे बसले.

"जेटला किती पाणी लागतं, हे कुणाला माहीत पाहिजे?" त्यानं विचारलं.

"जेटलाच."

"मग त्यालाच विचार ना. आपण कशाला लक्षात ठेवायचं?"

गायत्रीनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. तिन्ही मशीनचे हिशेब ज्याच्या त्याच्याकडे गेले. दुपारपर्यंत चोवीसच्या चोवीस जागा गळाल्या. तिनं एक खोटंच चौथं मशीन जोडून पाहिलं. जुन्या एकाही ओळीला हात लावावा लागला नाही. ती हसली, आणि लगेच पुन्हा सगळं तपासायला बसली.

सोमवारी फ्लॉपी घेऊन ती पलसाण्याला गेली. शेठला आतलं काही कळलं नाही. त्यांनी उभ्या उभ्या दहा मालांचे आकडे काढून घेतले, रंगाऱ्याच्या हातच्या हिशेबाशी ताडून पाहिले आणि म्हणाले, "एक महिनो जोईए." म्हणजे महिनाभर प्रोग्राम चालवून बघायचा.

मंगळवारी वर्ग भरला. गायत्री तिच्या नेहमीच्या बाकावर होती.

"नोट्स काढा," गजेंद्र म्हणाला. "सातवं प्रकरण. पूर्ण पानावर काट मारा."

कुणीच पेन उचललं नाही. दारात क्लासचे मालक मगनभाई उभे होते. आतल्या कपाटात त्याच नोट्सच्या दोनशे नव्या प्रती पडून होत्या.

"सर, तमे ज लख्युं ने तमे ज खोटुं कहो छो?" स्वतःच लिहिलेलं स्वतःच चूक म्हणता, असं त्यांनी विचारलं.

"हा, मगनभाई. में ज लख्युं हतुं."

मगनभाई दारातून हलले नाहीत. गजेंद्रनं खडू उचलला, खाली ठेवला. मग स्वतःची प्रत उघडली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरून पानावर आडवी रेघ मारली. गायत्रीनं मारली. मग एकेक करून बाकीच्यांनी.

मागच्या बाकावरून प्रियांकानं हात वर केला.

"सर, बाकीची प्रकरणं बरोबर आहेत?"

गजेंद्रनं नोट्सकडे पाहिलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून बघू या."