पाहुणे कलाकार

'आपलं शहर' नावाच्या सामूहिक कलाप्रदर्शनात तिची गोधडी जिन्याखाली टांगली होती, बाजूला चिठ्ठी: 'पाहुणे कलाकार'. आई तिला पोटात घेऊन या शहरात आली, एवढ्यावरून ती जन्मभराची पाहुणी ठरली होती. "ताई, गोधडी देखणीच आहे हो! पण मोठ्या दालनात फक्त इथलेच," तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा संयोजक जिभेवर साखर घोळवत म्हणाला. "तुमचा जन्म कुठला, साहेब?" "म्हणजे काय! इथल्याच सरकारी दवाखान्यातला." त्याची छाती वीतभर फुगली. तिने गोधडीचं टोक उलटलं. प्रत्येक तुकड्यावर त्याच दवाखान्याचा निळा शिक्का होता. "या बाळंतिणींच्या खोलीतल्या जुन्या चादरी. तुमच्यासारख्या इथल्यांनी भिजवल्या, माझ्या पाहुण्या आईने धुतल्या." तिने गोधडी खांद्यावर टाकली, मोठ्या दालनातल्या मधल्या भिंतीवर टांगली आणि ती चिठ्ठी संयोजकाच्या कोटाला चिकटवली. "या, पाहुणे, निवांत बघा."