कोवळा दुधी

खिडकीच्या ग्रिलवर चढवलेल्या वेलाला पहिला दुधी धरला, तेव्हा अक्षदा आनंदाने ओरडली, “आजी, तो बघ!”

सरोजताईंनी नातीच्या हातावर हलकीच चापट मारली. “कोवळ्या फळाला बोट दाखवू नये गं. गळून पडतं.”

चार दिवसांत दुधी पिवळा पडला आणि गळला.

“बघ, सांगितलेलं ना मी?” सरोजताई म्हणाल्या. खरं तर घोडबंदर रोडच्या या विसाव्या मजल्यावर मधमाशी फिरकत नाही. मादीफूल उमललं की नरफूल आपल्या हाताने त्यावर फिरवावं लागतं, आणि नेमक्या त्याच दिवशी त्या विसरल्या होत्या. पण नातीला हे कशाला सांगायचं? तिच्या बोटावर ढकललं की झालं.

श्रावण सरता सरता त्यांची सून रुचिता हॉस्पिटलमधून घरी आली. पोटातलं बाळ राहिलं नव्हतं. घरात कुणी त्याचा विषयही काढेना. अक्षदाने मात्र त्या दिवसापासून उजवा हात फ्रॉकच्या खिशात घातला तो घातलाच. जेवायलाही ती डावाच हात पुढे करू लागली.

“हे काय नवीन खूळ?” एकदा ताटावरच सरोजताई चिडल्या. “काढ तो हात बाहेर. उजव्या हाताने जेव!”

अक्षदाने हात खिशात आणखी खोल नेला. आतल्या खोलीत आई झोपली होती, तिकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, “नको ना, आजी. बाळ कुठे आहे ते मी सगळ्यांना याच बोटाने दाखवायचे.”