घराजवळची शाखा

फोल्क्सहोखशूलेची नवी शाखा नेमकी उल्हासच्या गल्लीच्या तोंडाशी निघावी, याला काय म्हणायचं? कुणीही यावं आणि भाषेपासून शिवणापर्यंत काहीही शिकावं, असं हे हॅनोव्हरमधलं कॉलेज. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून उल्हासने मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाची शाखा धरली होती. पण कॉलेज वाढत वाढत इथवर आलं आणि त्याचा जर्मनचा वर्गच इथे हलवला. पूर्वीचं फर्निचरचं दुकान, त्यामुळे जिकडेतिकडे काच.

इतकी वर्षं ऑफिसात इंग्रजीवर निभावून नेलेला माणूस. घरी मात्र फोनवर नुसतं ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, म्हणत बायकोसमोर भाव खायचा. ‘तुला कशाला हवंय जर्मन? मी आहे ना,’ हे वर. आणि आता पायाशी घरी दाखवायची जिमची बॅग, समोर पहिलीतल्या पोराचं असावं तसं चित्रांचं पुस्तक.

रंगाचा वास जावा म्हणून वर्गाचं दार उघडं ठेवलं होतं. बाहेरच्या काउंटरवरून आवाज आला. सरिताचा. त्याच्या बायकोचा. उल्हास पेन पडल्याचं निमित्त करून चक्क टेबलाखाली वाकला. चाळिशी उलटलेला इंजिनिअर, स्वतःच्या बायकोपासून लपत होता.

"मला पहिल्यापासून शिकायचंय," सरिता तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगत होती. शब्द शोधत होती, पण लाजत नव्हती.

"घरी सरावाला आहे का कुणी?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"माझे मिस्टर. फार छान बोलतात."

उल्हासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हेर देवस्थळी, तुम्ही वाचा," शिक्षिका म्हणाली. मग वाकून पुन्हा म्हणाली. उठावंच लागलं. भाजीवाल्याशी बोलायचा धडा होता. पहिल्याच वाक्यात तो अडखळला. शिक्षिकेने सुधारून दिलं, तो पुन्हा तिथेच चुकला.

काउंटरवरचं बोलणं थांबलं होतं. त्याने मान वर केली. सरिता दारात उभी होती. तिने त्याच्या हातातलं पुस्तक पाहिलं, मग जिमची बॅग पाहिली. हसली असती, चिडली असती, तरी चाललं असतं.

"अहो," ती हळूच मराठीत म्हणाली, "जिमवरून येताना दूध आणा."