इंद्रभानचा फ्यूज

सुगंधाबाईनं विजेची शेगडी आणि पिठाची चक्की एकदम लावली, की घराचा फ्यूज उडायचा. आठवड्यात तिसऱ्यांदा उडाला तेव्हा इंद्रभानचं डोकंच फिरलं. त्यानं फ्यूजमध्ये कुंपणाची जाड तार पिळून बसवली.

"तिथं बारीकच तार टाकायची असती," सुगंधाबाई म्हणाली. "लोड वाढला की तीच आधी जळावी म्हणून."

"जळायचीच असंल तर टाकायची कशाला?"

दुसऱ्या दिवशी शेगडी-चक्की सुरू झाली आणि गल्लीभर लाइट गेली. इंद्रभान झाकण उघडून बघतो, तर तार जशीच्या तशी! तो छाती काढून बाहेर आला. "माझा फ्यूज बराबर हाय. गल्लीच्या खांबावरच्या डीपीचा गेला असंल."

खरंच डीपीचाच गेल्ता. मंग गल्लीनं मोठ्या मानानं त्यालाच पुढं घातलं, आणि त्यानं डीपीतही कुंपणाची तार ठोकून दिली.

दुपारी पार जांब समर्थापर्यंतची बारा गावं बंद पडली. सबस्टेशनवाला गावोगाव फोन करून फॉल्ट शोधू लागला.

"आमच्याकडं बिलकुल न्हाई, साहेब," इंद्रभाननं ठणकावून सांगितलं. "मी डीपीखालीच उभा राहून बघून राह्यलो. फ्यूज एकदम शाबूत हाय!"