एलेउतेरियोची खीळ

"अजून किती पायऱ्या, बाई?" प्रोफेसर अरावेनांना धाप लागली होती.

"गाडी बंद, म्हणजे पायच गाडी," एदेलमिरा म्हणाली.

वालपाराइसो शहरातल्या त्या टेकडीवर रुळांवरून चढणारी दोरगाडी अपघातानंतर सुरूच झाली नव्हती. गाडीला दोराशी जोडणारी मनगटाएवढी जाड खीळ तुटली आणि गाडी चालकासकट खाली कोसळली. चालक एलेउतेरियो, एदेलमिराचा नवरा. कंपनीने हात झटकले. म्हणे प्यायलेला होता, ब्रेक असा हासडला की खीळच तुटली. मेलेला माणूस काय बोलणार! आता कुठे कोर्ट पुन्हा ऐकायला तयार झालं होतं, पण पुरावा मागत होतं.

वरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "काय गं, दारुड्यासाठी वकील आणलास?"

"वकील नाही, लोखंडाचे डॉक्टर आहेत! तुझी जीभ दाखव त्यांना. एवढी चालून झिजत कशी नाही ते सांगतील!"

प्रोफेसर हसले. तुटलेलं लोखंड वाचण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. "ब्रेकने नाही हो तुटत ते," ते म्हणाले. "लोखंड थकतं. बारीक भेग पडते, दर फेरीला जरा जरा पुढे सरकते. ओहोटीच्या रेघा वाळूवर राहतात ना, तशा तुटलेल्या तोंडावर राहतात. जुन्या भेगेत गंज शिरतो. तो गंज कोर्टाला दाखवला की झालं. भेग आधीपासून होती आणि कंपनी झोपली होती, हे शेंबडं पोरही सांगेल."

एदेलमिराची चाल मंदावली.

रुळांच्या कडेला, जिथे एलेउतेरियो गेला तिथेच, त्याच्या आत्म्यासाठी बांधलेलं बुटकं पत्र्याचं घरकुल होतं. आत मेणबत्ती, त्याची टोपी आणि खिळीचा अर्धा तुकडा. दुसरा अर्धा कंपनीने केव्हाच भंगारात घातला होता. हा त्याच्या एका सोबत्याने लपवून आणला होता.

प्रोफेसर गुडघ्यांवर बसले. भिंग काढून त्यांनी तुकडा उचलला. तुटलेलं तोंड नव्या ताटासारखं लखलखत होतं. रेघ नाही, गंज नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"बाई, हे कुणी केलं?"

"मीच," ती म्हणाली. "लोक त्याच्या नावाला काळं फासत होते. निदान ह्याच्यावर तरी डाग नको, म्हणून दर रविवारी राख-लिंबू लावून घासत आले."