हळदीचं ग्रीस

चंपतरावांच्या गाडीचं पुढचं चाक कधीचं वाजत होतं. उद्या त्याच गाडीतून लेक कन्हानला सासरी जाणार, म्हणून त्यांनी अंगणात नवा ब्रेकड्रम घालायला घेतला. बेअरिंगमध्ये ग्रीस मात्र भरता येईना. उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाल्यापासून ते काम लेकच करायची. आज तिला हळद लागलेली; उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. "आना इकडे, बाबा," ती आतूनच म्हणाली. "हळदीच्या हातानं हे काय करून राहिली वं?" आई ओरडली. लेकीनं उंबरठ्याआड बसून तळव्यावर ग्रीस घेतलं, बेअरिंगमध्ये दाबून दाबून भरलं आणि हळदीनं पिवळसर झालेलं बेअरिंग परत दिलं. "आता वाजनार नाही, बाबा." दुसऱ्या दिवशी नवरानवरीला बसवून भाच्यानं गाडी काढली. चौकात वळून दिसेनाशी झाली, तरी चंपतराव कान लावून उभेच. बायकोला म्हणाले, "थोडंसं वाजू द्याले पाहिजे होतं वं."